आंबापानाची डाय

वरोर, मंगळवार, २० नोव्हेंबर २०१८

आज माझीच मला शिसारी आली आहे.

बाबांनी हाताने कोरलेली पितळी डाय, दागिन्यांवर नक्षी उठवायचा ठसा. आईच्या पाटल्यांवरची आंबापानं हिच्यावरच ठोकलेली. तिची झिजलेली कड सरळ करायला मी ती माझ्या छोट्या, धातू कापणाऱ्या मिलिंग मशीनवर बांधली. मशीन मागच्या खोलीत आणि मी ओटीवर, झोपाळ्यावर. एका हातात चहा, दुसऱ्यात मशीन चालवायचा फोन. कशासाठी? तर तलासरीहून भावोजी आले होते, त्यांना दाखवायचं होतं.

"बघा भावोजी, इथे बसून कटर खाली घेतो."

फोनवर दशांश एक मिलिमीटरचं बटण आणि दहा मिलिमीटरचं बटण शेजारीशेजारी. अंगठा दहावर पडला. अंगठ्याला काहीच कळलं नाही, काच ती काच. मागून कर्रकन आवाज आला तेव्हा कळलं. हाताने चाक फिरवत असतो तर कटर टेकताक्षणी तळहाताला कळलं असतं.

आणि वर मी काय म्हणालो? "वायफाय गेलं वाटतं." तेही बाबांसमोर. इतका हलकट मी कधी झालो?

बाबांनी डाय उचलली, खाचेवरून अंगठा फिरवला. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तेव्हा तुझा हात कुठे होता?"



आता डाय माझ्यासमोर आहे. कडेचं पान मधोमध चिरलंय, खाच अंगठ्याला बोचते. मग तोच अंगठा फोनवर फिरवून पाहिला. काचेवर साधा ओरखडाही नाही.