पांढरा रंग पिवळा दिसला त्याची गोष्ट

आदरणीय व्याहीबुवा आणि विहीणबाई यांना रंगाच्या दुकानातून मनःपूर्वक नमस्कार.

आपली कंबर आता काय म्हणते? विहीणबाईंचा गुडघा जिना चढू देतो का? (देत नसला तर खालीच बसावं. वरच्या मजल्यावर माणसाच्या वाट्याला धाप आणि गच्ची एवढंच येतं.) मी खुशाल आहे. मधे नव्हतो, हे आपल्या कानावर आलं असेलच. पण सांगताना आपल्या लेकीनं, म्हणजे माझ्या डॉक्टर सुनेनं, स्वतःचा भाग गाळला असणार, म्हणून मीच लिहायला बसलो.

आपल्याला ठाऊकच आहे, पांढऱ्यातला पांढरा ओळखणारा माणूस या बाजारात माझ्याशिवाय दुसरा नाही. तेव्हा मागच्या महिन्यात नवा डबा उघडला आणि आत पिवळट झाक दिसली, तसा मी कारखान्याला फोन लावून असा काही झाडला की पलीकडच्या माणसानं (कशाबद्दल ते न कळताच) माफी मागून दुसरे डबे पाठवले. तेही पिवळे! मग मीच त्यात थेंबथेंब निळा घालून तो रंग शुद्ध पांढरा केला आणि दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पाठवून दिला. भिंती रंगवून झाल्यावर डॉक्टर तरातरा दुकानात आले. म्हणाले, "पांढरा मागितला होता, तुम्ही मला आभाळात नेऊन बसवलंत!" मी त्यांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं. (त्यांचा कोटही पिवळट होता, पण त्याचा उल्लेख मी सभ्यपणे टाळला.)

घरी येऊन पांढरी चादर पिवळी का पडू दिली म्हणून हिच्याशी भांडलो, पुढ्यातलं ताट सरकवलं, कारण अन्नाचा वासही नकोसा झाला होता. तेवढ्यात आपली लेक इस्पितळातलं काम आटोपून आली.

"बाबा, सगळंच पिवळं दिसतंय?"

"सगळंच नाही. पिवळा डबा नेहमीसारखाच दिसतो."

तिनं माझं मनगट धरलं आणि तिचा चेहरा उतरला. हृदयाची गोळी कशी घेता, असं विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, की एकही चुकवत नाही. घेतली की नाही अशी शंका आली तर पुन्हा घेतो. "शंका कितीदा येते?" म्हणाली. मी सावध माणूस, जवळजवळ रोज येते.

पुढच्या क्षणी मी गाडीत होतो. ही शेजारी बसून सबंध रस्ताभर माझा हात धरून 'चादर पिवळीच आहे' असं म्हणत होती. लग्नापासून हिनं माझं म्हणणं इतकं मान्य केलेलं मी पाहिलं नव्हतं. तिथं मात्र मी घाबरलो.

इस्पितळात एक डॉक्टर कावीळ म्हणू लागले. आपली लेक म्हणाली, "सर, यांचे डोळे पिवळे नाहीत, यांच्या डोळ्यांना पिवळं दिसतंय. रक्तातली गोळी तपासू या." तपासली. व्याहीबुवा, तिचं अक्षर न् अक्षर खरं निघालं! ठोके इतके मंदावले होते, की अजून थोडा उशीर झाला असता तर हे पत्र तुम्हाला माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाकडून आलं असतं.

मग तिनं मला समजावलं. आजची गोळी आजच सगळी अंगाबाहेर जात नाही, थोडी मागं राहते. तिच्यावर उद्याची पडते. असं चढत चढत एक वेळ अशी येते, की जेवढी आत जाते तेवढीच बाहेर पडते, मग पातळी थांबते. त्या पातळीवर गोळी गुण देते. पण माझ्या वयाच्या मूत्रपिंडांचं काम आधीच सावकाश, त्यात माझी सावधगिरी. आत येणं वाढलं, बाहेर जाणं घटलं.

"आता बंद केलीस ना? मग चादर अजून पिवळी का?" मी विचारलं.

"साठलेल्यातली निम्मी जायलाच वेळ लागतो, बाबा. मग उरलेल्यातली निम्मी, मग तिच्यातली निम्मी."

"म्हणजे कधीच संपायची नाही!"

"कागदावर नाही संपणार. अंगातून जाईल, धीर धरा."

धरला. चादर आधी हस्तिदंती झाली, मग मलईसारखी, मग मोतिया, आणि एका सकाळी लख्ख पांढरी. (छटांचा इतका अचूक अहवाल त्या वॉर्डात आजवर कुणी दिला नसेल.) मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आले. "हे पहिल्यांदा कुणी ओळखलं?" त्यांनी विचारलं. "माझ्या सुनेनं!" मी इतक्या जोरात ओरडलो, की उशाशी लावलेलं ठोके मोजणारं यंत्र केकाटायला लागलं.

आपण असं रत्न आमच्या घरात दिलंत. छाती दीड वीत फुगली आहे, आणि यात औषधाचा काही संबंध नाही.

आपला,
रंगवाला व्याही

ता. क. : दातांच्या डॉक्टरांनी भिंती तशाच ठेवल्या. निळ्यात माणसं कमी घाबरतात म्हणे. रंगाची निवड माझीच, असं मी सगळ्यांना सांगतो.

पुन्हा ता. क. : खरं काम हे. तिला तुमच्या गावच्या मोठ्या इस्पितळात पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली आहे. चिरंजीवही बरोबर जायला तयार आहेत. पण माझ्या गोळ्यांवर लक्ष कोण ठेवणार, म्हणून ती नकार कळवणार आहे. मला हे हिच्याकडून कळलं. माझं ती ऐकणार नाही. तुम्ही बाप आहात, दटावून बोलवून घ्या. सासऱ्याला आता सगळं नीट समजलंय म्हणावं.

आणखी एक : सहज म्हणून तिला विचारून ठेवा, सकाळची गोळी गोल की लांबट? मी विचारलं असं मात्र सांगू नका.