पॅकमधली ढोलकी

विश्रांतवाडी, पुणे
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय राकेशदादा,
सप्रेम जय भीम.

घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो. आबा सकाळी विहारापर्यंत चालून येतात. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. नाशिकचा पत्ता हेमामावशीने दिला, तिच्यावर रागावू नकोस.

काल कीबोर्डमध्ये नवा साउंड पॅक टाकला. कीबोर्डची मूळची ढोलकी म्हणजे पत्र्याचा डबा, तुला माहीतच आहे. आधी आपल्या कीबोर्डची ओळख-फाईल पेनड्राइव्हवर काढून पॅकवाल्या श्यामला पाठवायची, मग तो त्याच कीबोर्डपुरता पॅक देतो. पेनड्राइव्ह लावला तर स्क्रीनवर प्रश्न आला : आधीचे आवाज पुसले जातील, चालेल? मी 'हो' दाबलं आणि वीस मिनिटं जागची हलले नाही. मध्येच वीज गेली तर काय, म्हणून आईला मिक्सरही लावू दिला नाही.

मग एक पट्टी दाबली. दादा, अंगावर काटा आला. हलकी दाबली तर नुसतं बोट टेकल्यासारखा नाद, जोरात दाबली तर भरघोस थाप. डावीकडचा घुमारा खोलीभर फिरला. त्या प्लॅस्टिकच्या खोक्यातून इतकं जिवंत काही निघेल असं कधी वाटलं नव्हतं.

पॅकमधला तयार ठेका लावला, आणि माझा हात तिथेच राहिला. काठावरची चाट केसभर उशिरा येत होती.

भोसरीच्या कारखान्यात तर्जनीचं पेर गेल्यापासून तू चाट मधल्या बोटाने मारतोस, म्हणून ती जराशी मागे पडते. तशी दुसऱ्या कुणाची येत नाही.

आतून आबांनी विचारलं, "राकेश आला काय?"

आई चहा ठेवायला उठलीसुद्धा. आबा बाहेर आले. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आबा, यातून वाजतंय," मी म्हटलं.

ते खुर्ची ओढून कीबोर्डसमोर बसले. "बंद करू नको." पाऊण तास तोच ठेका चालू होता. मान खाली घालून ऐकत होते, विहारात बसतात तसे.

श्यामला फोन केला. म्हणाला, "नाव सांगायचं नाही असं ठरलंय, ताई. गेल्या वर्षी ते ढोलकीवाले सिंहगड रोडच्या स्टुडिओत दोन दिवस बसले होते. एकेक थाप शंभरदा वाजवली, ठेकेही वाजवून दिले. एका बोटाचं पेर नव्हतं, एवढंच सांगतो."

म्हणजे तू पुण्यात येऊन गेलास आणि घरी आला नाहीस. का, हे विचारायचा हक्क मला नाही.

तू नोकरीसाठी आपली गाण्याची पार्टी सोडलीस, असं मी आबांना सांगितलं होतं. काल खरं सांगितलं. दापोडीच्या जयंतीला, सगळ्या मंडळासमोर, मी तुझा माईक बंद केला आणि म्हणाले, "मशीन तरी वेळेवर वाजतं." ढोलकीला खोळ घातलीस आणि स्टेजवरून उतरलास. आबांनी ऐकून घेतलं. रात्री माझ्या हातचं जेवले नाहीत.

२६ तारखेला विहारासमोर संविधान दिनाचा कार्यक्रम आहे. पॅकमधली ढोलकी वाजवायला कुणाची ना नाही, पण मी ती बंद ठेवणार आहे. तू आलास तर ढोलकी वाजेल. नाही आलास तर आबा पेटीवर बसतील, मी गाईन, तेवढंच.

चूक माझी होती. हे वाक्य गुडघ्याच्या आधी लिहायला हवं होतं.

तुझी धाकटी,
आम्रपाली