आईच्या चेहऱ्याचं मेण

४ मे, रविवार
आईचं नाक घसरतंय! मेणाचं. पारा एक्केचाळीसवर, त्यात वीज गेलेली, फ्रीज बंद. स्वतःला अर्धांगाचा झटका यायच्या आठवडाभर आधी अप्पांनी तिचा चेहरा मेणात केला — हसरा, गालावरच्या तिळासकट. तसा फोटो एकही नाही घरात. ती गेली त्याला वर्ष होईल. आता अप्पांचा उजवा हात लुळा, वाचाही गेली. चाळीस वर्षं ओतकाम केलेला माणूस! हा चेहरा पितळेत ओतला नाही तर ती दुसऱ्यांदा जाईल. मला नाही सोसायचं.

६ मे
ओळखीचे सगळे ओतारी नाही म्हणाले. "एका नगासाठी भट्टी लावायची? परवडत नाय." मग मीच! अंबडच्या कंपनीतून धाकट्या भावाला, अमोलला, रजा टाकायला लावली. मेणावर मातीचे लेप चढवले. सातवीच्या पोरांना दरवर्षी घोकायला लावते — तापवलं की स्थायूचा द्रव, द्रवाचा वायू. सोपंय म्हणे!

९ मे
साचा शेकला. मेण वितळून खालच्या भोकातून पातेल्यात उतरलं. आईच उतरली. आता मातीच्या आत तिची नुसती पोकळी. देवा, चुकू देऊ नकोस रे!

मेण टाकलं नाही. अप्पा कधीच टाकत नसत.

१० मे
सकाळपासून अप्पा डाव्या हाताने मांडणीवरचं स्टीलचं ताट दाखवतायत. भूक लागली असेल म्हणून पेज वाढली. ताट भिरकावलं! पुन्हा तेच बोट. भात कालवून दिला, तोही उडवला. मी ओरडले — "जिवाचं रान करतेय मी, निदान जेवा तरी!" ते रडायला लागले. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. भट्टीवरून अमोलची हाक — "ताई, उरक! पितळ पातळ झालंय."

संध्याकाळी
फुटला. ओतल्या ओतल्या धडाम्! साच्यात ओल राहिली होती. पाण्याची वाफ झाली की सतराशे पट जागा लागते — हे मीच फळ्यावर लिहिते, मीच! अमोलचा पाय पोळला. थोडक्यात वाचला. आईचा अर्धा कान सापडला, बाकी खापऱ्या.

११ मे
भातावर झाकलेलं तेच ताट उचललं. आतून घाम. लहानपणी बघितलंय की मी! अप्पा शेकलेल्या साच्याच्या तोंडावर गार ताट धरायचे. "घाम आला? मग आत पाणी हाय. अजून शेक." ते जेवायला मागतच नव्हते! ओल तपास म्हणून सांगत होते, आणि मी त्यांच्या तोंडात घास कोंबत होते. मूर्ख, मूर्ख बाई! पाय धरले त्यांचे. आता काय उपयोग?

१२ मे
काही नाही. अमोलच्या पायाची पट्टी तेवढी बदलली.

१५ मे
अप्पांनी पुन्हा ताट दाखवलं. या वेळी रिकामंच दिलं. मग पातेल्याकडे बोट. मेणाचा गोळा काढून ताटात ठेवला. तासभर डाव्या अंगठ्याने दाबत बसले. वाकडंतिकडं, कुणाचं तोंड ते कळेना. मग नखावर मेणाचा एक कण घेतला आणि गालावर चिकटवला.

तीळ. बरोबर तिथेच!