गरम झाली की बंद

२१ मे २००७, सोमवार

पुन्हा बंद पडली! परक्या देशात, भर एक्सप्रेसवेवर, मागं सिमेंट भरलेलं, आणि ट्रक ठप्प. आमची पोरगी प्रियदर्शिनी — पियू — सकाळी बेडोकच्या फ्लॅटवरून तुआसच्या वर्कशॉपला गेली ती हसत, आली ती तोंड पाडून. त्या वर्कशॉपात बाईमाणूस ही एकटीच. मालक कोह साहेबानं सांगून ठेवलंय — इनचार्ज कोण, ते महिना संपायच्या आत ठरवणार. एक ही, नाहीतर तो पुण्याचा शैलेंद्र. आणि नेमकी हिच्याच हातची गाडी रुसून बसली!

मी म्हटलं, "डिझेलमध्ये हवा घेते. हवा काढ."

"बाबा, हवा नाही. क्रँक सेन्सर."

म्हणजे इंजिन किती फिरतंय ते कॉम्प्युटरला सांगणारा बोटाएवढा तुकडा. त्यानं तोंड मिटलं की डिझेल बंद. जुना मेला होता, हिनं नवा बसवला. तरी गाडी गरम झाली की बंद, थंड झाली की मुकाट्यानं सुरू!

आमच्या एस.टी.ला कुठले सेन्सर! अकोला डेपोचा हेड मेकॅनिक यादवराव, म्हणजे मीच, बॉनेट उघडायच्या आधी रोग सांगायचा. हे मी नाही म्हणत, डेपो मॅनेजर म्हणायचे.

२२ मे

आज दुसरा नवा सेन्सर बसवला. दुपारपर्यंत गाडी पळाली. मी अजूनही म्हणतो, हवा.

२३ मे

संध्याकाळी परत बंद. कोह साहेब सगळ्यांसमोर म्हणाला म्हणे, "सेन्सर दोनदा बदलला, आता काय ड्रायव्हर बदलणार?" आणि ते बाकीचे हसले! पोरीनं हे सांगितलं तेव्हा माझा घास हातातच राहिला.

मी पुन्हा हवेचं काढलं तर जावई म्हणाले, "बाबा, तिला जरा निवांत जेवू द्या ना." प्रबोधराव चांगला माणूस आहे. लॅबमध्ये संशोधन करतो. पण इंजिनातलं त्याला काय कळतं? माझं तोंड बंद करायला निघालाय!

२४ मे

पियूनं हवा तपासली. नाही म्हणे.

बरं. नसेल.

२६ मे, शनिवार

आज मला वर्कशॉपला नेलं! मीच मागं लागलो होतो. आधी रेल्वेनं, पुढं बसनं, केवढं लांब ते! पण पोहोचल्यावर काय सांगू — अंगावर मूठभर मांस चढलं. धिप्पाड गडी "मिस प्रिया, मिस प्रिया" करत विचारायला येतात. ही डोक्याला रुमाल बांधून, पाना हातात घेऊन गाडीखाली. एकाला तर असं झापलं! आवाज थेट माझा. खाण तशी माती!

तिनं सेन्सर काढला. त्याच्याखाली कागदी पॅकिंग होतं. मी ओळखलं ना लगेच! हातानं कापलेलं. कागद जागेवर धरायचा, हातोडीनं कडेकडेनं ठोकत जायचं, बरोब्बर आकार उतरतो. लहानपणी ही डेपोच्या क्वार्टरमध्ये फ्रॉक घालून माझ्याशेजारी बसायची आणि कापायची. मीच सांगायचो — पोट्टे, धातूवर धातू उघडा बसवायचा नाही. पॅकिंग नसलं की तेल गळतं.

मी ते पॅकिंग उचललं आणि कोह साहेबाच्या नाकासमोर धरलं. "आय टीच! माय हँड!" साहेब हसला. "व्हेरी नीट, अंकल."

पियू मात्र पुढं आली. पॅकिंग माझ्या हातातून घेतलं, बोटांनी दाबून पाहिलं, खिशात टाकलं. लहानपण आठवलं असणार तिला. मलाही भरून आलं.

२७ मे

रविवार असून गेली. मी निघालो तर म्हणाली, "आज घरीच थांबा बाबा." जरा लागलं मनाला.

२८ मे, सोमवार

पळाली! दिवसभर पळाली! भरलेली गाडी तुआसहून इथं बेडोकपर्यंत, परत तिकडं, पुन्हा इकडं. इंजिन तापून लाल, तरी बंद म्हणून पडली नाही! शाब्बास गं माझी वाघीण!

अकोल्याला डेपोतल्या सुखदेवेला फोन लावला. सगळ्या डेपोत सांग म्हटलं. परदेशातल्या साहेबांना जमलं नाही ते यादवरावच्या पोरीनं केलं. हात कोणाचा? तो म्हणाला, "तुमचाच की!"

जेवताना विचारलं, रोग काय निघाला? "अंतर जास्त होतं. सेन्सर इंजिनातल्या चाकाच्या दात्यांपासून केसभर लांब बसला होता. गरम झालं की त्याला दाते कळायचे नाहीत."

"कोणी बसवला तसा?"

"बसवला होता कोणीतरी."

कोण गाढव असेल! नावसुद्धा सांगत नाही पोरगी. माझ्या डेपोत असता तर कानाखाली आवाज काढला असता. तसं बोललोही. प्रबोधराव ताटात बघत राहिले.

३० मे

शैलेंद्र इनचार्ज झाला!!

गाडी नीट केली हिनं आणि खुर्ची त्याला! हा काय न्याय आहे? साहेबाला जाऊन विचारतो म्हटलं, माझं इंग्रजी मोडकं असलं तरी राग तर कळेल! पियूनं हात धरला. "बाबा, तुम्ही यात पडू नका." रडली नाही. वरण मस्त झालंय म्हणाली.

३१ मे

आपली बुद्धपौर्णिमा होऊन महिना झाला, इथं ती आज, म्हणून सुट्टी. त्रिशरण झालं आणि दारात शैलेंद्र, पेढे घेऊन! पियू आत कपडे बदलत होती. चहा दिला मी, साखर घातली नाही. म्हटलं, घ्या, इनचार्ज साहेब.

बिचारा तसाच प्यायला. म्हणाला, "काका, ही जागा तिचीच होती. पण मीटिंगमध्ये ती स्वतःहून उभी राहिली. म्हणाली, सेन्सरखाली पॅकिंग मीच घातलं, त्यानंच अंतर वाढलं, चूक माझी. कोणी विचारलंही नव्हतं."

म्हणजे माझं पॅकिंग! जे मी साहेबाच्या नाकासमोर नाचवलं ते!

तो गेल्यावर विचारलं, "बापानं शिकवलं होतं, एवढं सांगायला काय झालं होतं तुला?"

"शिकवलं तुम्ही. पण बसवलं तर मीच ना, बाबा."