किटलीचा चोर

केळवे,
१२ नोव्हेंबर १९६६

प्रिय,

पुढे नाव लिहायला हात अजून धजत नाही, इंग्लंडात संसार करूनसुद्धा. हसा खुशाल.

तुम्हाला रजा मिळेना म्हणून मी एकटी आले, आणि आल्यापासून गोडगोडच लिहीत राहिले. आज खरं लिहिते. तात्यांचं हृदय फार थकलंय. पालघरचे डॉक्टर म्हणतात, काही सांगता येत नाही. तात्यांना मात्र लेकाचीच काळजी; रोजचं पालुपद, "परतापला कळवू नको. नोकरीवरचा मानूस, उगा घाबरंल."

दुपारी त्यांच्या खाटेभोवती ओसरीवर बायका विड्याची पानं निवडायला बसतात. वेळ जावा म्हणून मी त्यांना आपली टेलिव्हिजनवरची मालिका सांगायला घेतली. घरमालकीणबाईंच्या खोलीत दर गुरुवारी बघायचो ती, चष्मेवाली विधवा आणि तिचा सुस्त हवालदार. पाद्रीबुवांची चांदीची किटली चोरीला जाते आणि सगळं गाव एकमेकांकडे चहाला जाऊन कपाटं धुंडाळतं, तो भाग ऐकून तात्या इतके हसले की मी घाबरून पाणी आणलं. त्या बायकांतल्या पारूमावशींनी पहिल्याच दिवशी चोर पकडला. पाद्रीबुवाच! का, तर तो बूट घालून थेट चुलीपर्यंत येतो. मी म्हटलं, मावशी, तिकडे सगळेच येतात. "मंग सगळेच चोर हाईत," म्हणाल्या आणि पानं निवडू लागल्या. त्यांच्याशेजारी बसणाऱ्या नलूचा संशय पाद्रीबुवांच्या बागेतल्या माळ्यावर. तात्या नुसते मिशीत हसतात.

रहस्यकथांचं त्यांचं वेड तुम्हाला मी काय सांगणार? मासिक आलं की ते कथेचं शेवटचं पान सुईदोऱ्याने शिवून टाकत, आणि घरातल्या प्रत्येकाने चोर सांगितल्याशिवाय टाका उसवत नसत. लहानपणी तुम्ही तो गुपचूप उसवलात, वाचून पुन्हा शिवलात आणि घाईत काळ्याऐवजी पांढरा दोरा घेतलात. ही गोष्ट तात्या मला आता रोज सांगतात. रोज नव्याने सांगतात.

पण शेवटचा भाग मी पाहिलाच नाही. त्या गुरुवारी मी विमानात होते. शेवटी माळ्यालाच चोर करून मी एक शेवट रचला. तात्यांनी डोळे मिटून ऐकला. म्हणाले, "ह्यो शेवट तुजा हाय, पोरी. खरा परतापला ठाऊक." तेव्हापासून रस्त्यावर टांगा वाजला की मान वळवून बघतात. मला ते बघवत नाही हो.

काल तुमचं पत्र आलं. मी विचारला होता तो किटलीचा चोर पुढच्या पत्रात सविस्तर कळवतो, असं लिहिलंत. म्हणून हे घाईने लिहिते आहे. कळवू नका. काल डॉक्टर गेल्यावर तात्या म्हणाले, "चोर कळल्याबिगर मी काय जात नाय." तुमचं पत्र आलं तर मला ते लपवता यायचं नाही. मी वाचून दाखवीन, आणि मग थांबायला त्यांना निमित्तच उरणार नाही. 'ये' हा शब्द ते मरेपर्यंत उच्चारणार नाहीत, म्हणून मी लिहिते. या. रजा मिळो न मिळो, चोर घेऊन स्वतः या. बूट तेवढे पायरीखाली काढा, पारूमावशी ओसरीवरच असतात.

तुमचीच,
अजून चोर न कळलेली
शालू