क्षमाचं पहिलं पातळ

आंबेवाडी, जि. सातारा
२० एप्रिल १९६४

ती. शरयूआत्यास,
सा. न. वि. वि.

फायनलची परीक्षा झाली. आमची शाळा सातवीतच संपते. आठवीसाठी तुझ्याकडे सांगलीला येते म्हटलं, तर नाना म्हणाले, एवढीशी पोर एस.टी.त एकटी कशी जाणार? चौदावं लागलं तरी मी एवढीशीच! आई असती तर तिने समजावलं असतं. मला जेवण जात नाही. मोठी कशी दिसू, ते लगेच कळव.

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसावा.
तुझी क्षमा

विश्रामबाग, सांगली
२७ एप्रिल

चि. क्षमास अनेक आशीर्वाद.

सोबत माझं निळं पातळ पाठवते आहे. परकराची नाडी घट्ट बांध, निऱ्यांना पिन लाव. रिबिनी सोडून अंबाडा घाल. पावडर अगदी चिमूटभर. पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसू नकोस. आणि धावू नकोस बाई! तुझं वय तुझे पायच सांगतात. चारचौघांत एकदा नीट वावरलीस की माझ्या दादाला, तुझ्या नानांना, पटेल.

जेवत जा, नाहीतर पातळ अंगावर राहायचं नाही.
तुझी आत्या

आंबेवाडी
१२ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घोटाळा झाला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पातळ नेसून गेले. एकदाही धावले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या धोंडुबाई नानांना म्हणाल्या की, आवं, पोर लय थोराड झाली की, उजवायची कवा? आपल्या गावात मुलगी हळदीकुंकवाला पातळ नेसून आली म्हणजे घरच्यांनी स्थळं बघायला काढली असंच धरतात. तू विसरलीस, आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं!

रविवारी इस्लामपूरची मंडळी दारात हजर. मी मागच्या खोलीत पातळ सोडलं, परकर-पोलकं चढवलं, दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या आणि आंबा चोखतच बाहेर आले. रस कोपरापर्यंत ओघळत होता. पाहुण्या बाई बघतच राहिल्या. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांना सांगितलं की मुलगी अजून लहान आहे, लग्नाचं इतक्यात नाही. मला रडूच आलं.

पण संध्याकाळी सांगलीचं विचारलं, तर त्याच तोंडाने म्हणाले, लहान आहेस. आत्या, आता मी काय नेसू? शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरले.

रागावू नकोस, पातळावर आंब्याचा डाग नाही.
तुझी क्षमा

सांगली
१६ मे

चि. क्षमास अनेक आशीर्वाद.

आपल्या गावची रीत मीच विसरले, त्याचं वाईट वाटतं. पण रडू नकोस. दादाने पाहुण्यांसमोर तुला लहान म्हटलं, आता मॅट्रिक होईपर्यंत त्याला तो शब्द मागे घेता यायचा नाही. आणि लहान मुलीला एस.टी.त एकटीला बसवत नाहीत हे त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. तिला न्यायला घरचं माणूस येतं.

पुढच्या रविवारी मी येते. परकर-पोलकंच घाल, रिबिनी बांध, आणि स्टँडवर धावत ये.

तुझी आत्या