मामांच्या दातातली काडी

तीर्थरूप मामांस,

दोन्ही हात (नुकतेच धुतलेले) जोडून नमस्कार. तुमची प्रकृती, मामींचे गुडघे आणि तुमची क्लॅरिनेट, तिन्ही ठीक असतील असे धरून चालतो. दाताचे मुद्दामच विचारत नाही.

विचारत नाही, कारण गेले नऊ दिवस मला दुसरे काही सुचत नाही. तुमच्या पुढच्या दाताचे रूट कॅनाल झाल्यावर आत फायबर पोस्ट बसवली, म्हणजे काचेच्या धाग्यांची बारीक काडी. वरचा सगळा डोलारा तिच्यावर. ती धरून राहते केवळ सिमेंटमुळे, आणि काडीला लाळ लागली की सिमेंट रुसते. म्हणून दाताभोवती रबराचा पडदा ताणतात. तो मी ताणला होता. पण तुमची बँडमास्तर आणि बोकडाची गोष्ट ऐन रंगात आली होती, पडद्याआडून ती सांगता येईना, म्हणून तुम्ही खुणेने तो काढायला लावलात आणि मी (पंधरा वर्षे दातांचा डॉक्टर, पण अखेर भाचाच) काढला. काडी मापाला आत घालून पाहिली, बाहेर काढली, मग चिकटवली. मधे ती स्पिरिटने पुसली का?

डायरी उघडली. तुम्ही मला चित्रगुप्त म्हणता ते उगाच नाही. त्या दिवसाच्या पानावर बोकडाची गोष्ट शब्दन् शब्द आहे. पुसल्याचे अक्षर नाही.

मग बरणीत जपलेले आठ उपटलेले दात काढले. चारांत स्पिरिटने पुसलेल्या काड्या चिकटवल्या, चारांत लाळ लागलेल्या (लाळ माझीच), आणि सामान तोलायच्या ताणकाट्याला बांधून एकेक ओढली. पुसलेल्या जागच्या हलल्या नाहीत. न पुसलेल्यांपैकी तीन अलगद हातात आल्या. चौथी का आली नाही, या विचाराने मी आणखीच बेचैन झालो. बायको म्हणाली, "मेलेल्या दातांना छळण्यापेक्षा जिवंत मामांना फोन का करत नाही?" पण फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता?

रविवारी तुमचा कार्यक्रम. क्लॅरिनेट तुम्ही नेमकी याच दाताखाली दाबून धरता. पहिल्या रांगेत बसून मी सूर ऐकू, की दात झेलू?

तुमचा आज्ञाधारक (तोच तर घोळ झाला) भाचा

ता. क. खरे काम असे, की शुक्रवारी या. वर अजून तात्पुरतीच टोपी आहे. काडी चिमट्याने हलकेच ओढून पाहीन. आली तर नवी बसवू; नाही आली तर तुमची क्षमा मागेन आणि तुम्ही वाजवायला मोकळे.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, "काडी मी पुसली. तुम्ही बोकडाला हसत होतात." तेव्हा वरचे सगळे विसरा. येऊ नका, खुशाल वाजवा.

तिसरा ता. क. कशाने पुसली, हे विचारायचे राहिले होते. कोरड्या कापसाने. शुक्रवारी चारला या. बोकडाला आणू नका.